उष्टा पेला

हॉटेलातल्या माणसानं कागदावर रेघ ओढून दिली:
पूल ओलांडा, डावीकडे वळा, मग वासावर जा.
वासावर गेले.
लिएजमधली शेवटची संध्याकाळ,
दोन दिवस पंपांची बेअरिंगं तपासून
नखांत अजून ग्रीस.

दारावर पाटी नव्हती, फक्त निळा रंग.
आत फरशीवर लाकडाचा भुसा पसरलेला,
जणू सुतार आत्ताच हात धुवायला गेलाय.
साडेसात वाजलेले, मी एकटी.
"या वेळेला आजारी माणसं जेवतात,"
मालकीण म्हणाली. कोवादोंगा तिचं नाव.
तरी पाव आणला, तेल आणलं,
आणि मीठ भुरभुरलेल्या तळल्या मिरच्या:
"दहांतली एक तिखट निघते. कुठली, ते मिरचीलाही ठाऊक नसतं."
मी अकरा खाल्ल्या.
एकही नाही.

मग मातीच्या पसरट भांड्यात घेवडा,
अंगठ्याएवढ्या बिया, ओठांनीच दबणाऱ्या,
वर लाल तर्री.
परक्या गावात एकटं माणूस जेवतं तशी जेवले,
भराभरा,
फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून.

नऊला ते आले.
नीकानोरचा खोकला आधी, मागून नीकानोर.
मग सेल्सो, एतेल्विना, आणखी तिघं,
डोंगराळ आस्तुरियासातून विशीत आलेले
इथल्या कोळशासाठी.
खाण बंद झाली की परत जायचं होतं.
खाण बंद होऊन चाळीस वर्षं झाली.

कोवादोंगाचा नातू तेओ उभा राहिला टेबलाशी,
उजवा हात डोक्यावर, हातात बाटली,
डावा मांडीशी, हातात पेला,
आणि नजर समोरच्या भिंतीवर,
ना बाटलीकडे, ना पेल्याकडे.
सफरचंदाची आंबट दारू
दोऱ्यासारखी हवेतून खाली आली,
काचेच्या काठावर फुटली.
निम्मी पेल्यात, निम्मी भुशात,
थोडी त्याच्या बुटांवर.

मी मोजत होते.
माणसं सहा. पेला एक.
एकानं प्यायचा, परत भरायचा, दुसऱ्यानं.

आमच्याकडे याला शब्द आहे, उष्टं.
बाळाचं चालतं.
देवाचं असलं तर म्हणायचं प्रसाद.
बाकी कुणाचंही असो,
हात आपोआप मागे येतो.

माझा आला नाही, कारण
तेओ पेला घेऊन माझ्यासमोरच उभा,
आणि पलीकडून नीकानोर भुवया उंचावून.
मी घेतला. प्यायले.
शहाण्या मुलीसारखा तळ दिसेपर्यंत प्यायले.

टेबल गप्प झालं.
मग सेल्सो एवढा हसला की त्याची कवळी हलली.

एतेल्विना उठून आली, गुडघा धरत.
तिचं फ्रेंच मला तिसऱ्या हिश्शाएवढं कळत होतं,
उरलेलं तिच्या हातांनी सांगितलं:
तळाशी घोटभर ठेवायचं.
ओठ लागले तिथूनच कलंडायचं, भुशात फेकायचं.
कड धुतली जाते.
पेला पुढच्याचा होतो.

"खाली पाण्याची बाटली अशीच फिरायची,"
नीकानोर म्हणाला. तेओनं शाळेतल्या इंग्रजीत मला सांगितलं.
खाली म्हणताना म्हाताऱ्यानं बोट दाखवलं
भुशाकडे, फरशीकडे,
नदीच्याही खाली कुठेतरी,
आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.
"तिथे फेकायला पाणी नसायचं.
बाहीनं पुसायचो. बाही काळी."

दुसऱ्यांदा मी घोट राखला.
फेकला. नेम चुकला, तेओच्या बुटावर गेला.
तो म्हणाला, चालतं, हे बूट त्यासाठीच आहेत.

बाळाच्या पहिल्या घासाला
आम्ही उष्टावण म्हणतो, हे सांगायचं होतं मला.
कसं सांगणार, कुठल्या भाषेत.
एकावन्नाव्या वर्षी, एका नदीच्या काठी,
जिचं नाव मला नीट उच्चारता येत नव्हतं.

बिलात पाव होता, मिरच्या होत्या, घेवडा होता.
दारू नव्हती.
विचारायला वळले, तर कोवादोंगा
ओला भुसा झाडूनं कोपऱ्यात लोटत होती,
पाठ माझ्याकडे.